पुरात बुडालेले इंजिन भंगारात काढण्याची घाई नको

मराठवाड्यातील शेतकऱ्यास पाण्याचे दुर्भिक्ष चांगले ठाऊक आहे. पाण्याचा अतिरेक मात्र त्याच्या तितक्या परिचयाचा नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे अद्याप गावोगाव भेटतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही तर अलीकडची गोष्ट आहे. विहिरीचे पाणी तळास गेले असता पंप कोरडा चालू नये म्हणून काय करावे, फूटव्हॉल्व्ह किती खाली सोडावा, इंजिन तापू लागल्यास ते केव्हा बंद करावे, हे ह्या भागातील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. परंतु तेच इंजिन आठ-पंधरा दिवस पाण्याखाली राहिले तर त्याचे काय करावे, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ व २०२१ साली महापूर आले. तेथील शेतकरी नदी वाढू लागताच काठावरील मोटारी उचलून वर नेतो. आपल्याकडे ती सवय जडण्याचा प्रसंगच पूर्वी फारसा आला नव्हता.

तो प्रसंग आता आला आहे. १७ व १८ ऑगस्ट २०२५ च्या दरम्यान मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. सुमारे २०६ मिलिमीटर पावसाचा आकडा त्या वेळी शासनाने जाहीर केला होता. लेंडी नदीच्या व लेंडी प्रकल्पाच्या पाण्याने रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली ही गावे वेढली गेली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलास व लष्करास मदतीस यावे लागले. हसनाळ येथे माणसे दगावली आणि जनावरेही वाहून गेली. पुढे सप्टेंबरमध्ये गोदावरी, मांजरा व सीना ह्या नद्यांनी मराठवाड्याच्या मोठ्या भागात शेते बुडविली. माणसांच्या व जनावरांच्या हानीपुढे यंत्राची हानी गौण आहे, हे सांगावयास नको. परंतु जे वाचले त्यांना पुन्हा उभे राहावयाचे आहे आणि उभे राहण्यासाठी जी साधने हाताशी हवीत, त्यांत पाणी उपसणारे इंजिन अगदी अग्रभागी आहे.

ह्या लेखात जे मत मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे: पाण्यात बुडालेली बहुतेक डिझेल इंजिने पाण्यामुळे मरत नाहीत. ती पाण्यातून बाहेर आल्यानंतर, आपल्या घाईमुळे किंवा आपल्या दिरंगाईमुळे, मरतात. म्हणून अशी इंजिने वाचविणे हे एकट्या मिस्त्रीचे काम नाही. ते गावाने व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी योजून करावयाचे काम आहे, आणि पीक पंचनाम्याइतक्याच निकडीने ते हाती घेतले पाहिजे.

रब्बीचा प्रश्न

पुराचे वर्ष हे एका अर्थाने चमत्कारिक असते. खरिपाचे सोयाबीन, उडीद, मूग पाण्यात जाते. पण त्याच वर्षी विहिरी तुडुंब भरतात, ओढे उशिरापर्यंत वाहतात आणि जमिनीत ओल भरपूर राहते. खरिपात जे गेले त्यातील काही भाग हरभरा, गहू व रब्बी ज्वारी ह्यांच्या द्वारे भरून काढण्याची संधी अशा वर्षीच असते. हरभऱ्यास घाटे भरण्याच्या वेळी एखादे पाणी मिळाले तर उत्पन्नात मोठा फरक पडतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने जी मदत जाहीर केली, तीत गाळाने भरलेल्या विहिरीसाठी प्रत्येकी ३०,००० रुपयांची तरतूद होती. विहीर अशा रीतीने मोकळी होऊ शकते. पण विहिरीच्या काठावर इंजिन नसेल तर त्या पाण्याचा उपयोग काय? वीज आहे तेथे मोटार आहे, हे खरे. परंतु पुरात खांब पडलेले असतात, रोहित्रे बिघडलेली असतात आणि वीज परत येईपर्यंत पिकाची वेळ थांबत नाही. म्हणून अडगळीत पडलेले जुने डिझेल इंजिनसुद्धा पुराच्या वर्षी सोन्याच्या मोलाचे ठरते.

नेमक्या ह्याच वेळी, पूर ओसरून आठ-दहा दिवस झाले की, भंगार विकत घेणारा टेंपो गावात येतो. हाती रोकड नसलेला शेतकरी चिखलाने माखलेले इंजिन वजनाच्या भावाने देऊन टाकतो. घेणाऱ्यास मात्र पक्के ठाऊक असते की, त्यातील निम्मी इंजिने पुन्हा चालण्याजोगी आहेत. ह्या व्यवहारात कोणी कोणास फसवितो असे नाही. पण एकास माहिती असते व दुसऱ्यास नसते, आणि त्या अंतराची किंमत शेतकरी मोजतो. हे अंतर बुजविणे हेच विस्तार कार्याचे काम होय.

पाणी इंजिनाचे काय करते?

उपाय ध्यानात राहावयाचा असेल तर कारण समजले पाहिजे. पाण्याचा अपाय तीन प्रकारचा आहे.

पहिला अपाय गंजाचा. लोखंडास गंज चढण्यासाठी पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात. गढूळ, साचलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू थोडा असतो. त्यामुळे पूर्ण बुडालेले इंजिन समजुतीपेक्षा पुष्कळ सावकाश गंजते. तेच इंजिन बाहेर काढून उन्हात ठेवले की, ओल्या लोखंडास भरपूर हवा मिळते आणि काही तासांतच सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस थर धरू लागतो. म्हणजे पाण्याखालच्या दहा दिवसांत जे नुकसान झाले नाही ते काठावरच्या दोन दिवसांत होऊ शकते. सर्वांत वाईट स्थिती अर्धवट बुडालेल्या इंजिनाची. जेथे पाण्याची रेघ असते तेथे ओल व हवा दोन्ही सतत असल्याने गंज तेथेच खोल खातो. ज्या इंजिनात पिस्टन ॲल्युमिनियमचा व लायनर बिडाचा असतो, तेथे दोन भिन्न धातू ओल्या स्थितीत एकमेकांस टेकलेले असल्याने पांढरी भुकटी धरते आणि रिंगा आपल्या खाचांत अडकून बसतात.

दुसरा अपाय गाळाचा, आणि आपल्या भागात तो विशेष जाणवतो. आपली काळी माती अतिशय बारीक कणांची असून ती भिजली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आक्रसून विटेसारखी घट्ट होते. तेलाच्या भोकात, पाण्याच्या जॅकेटमध्ये किंवा बेअरिंगच्या फटीत शिरलेला हा गाळ ओला असताना साध्या पाण्याने निघून जातो. एकदा वाळला की तारेने खरवडावा लागतो, आणि न निघालेला कण बेअरिंगमध्ये कानशीसारखे काम करतो.

तिसरा अपाय सर्वांत झटपट होणारा आहे. डिझेल इंजिनात पिस्टन हवेस दाबून तिचे आकारमान मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यावर आणतो. हवा दबते, पाणी दबत नाही. ८० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर व ११० मिलिमीटर धाव असलेल्या, म्हणजे साधारण पाच अश्वशक्तीच्या इंजिनात, पिस्टन वर गेल्यावर त्याच्या माथ्यावर जेमतेम ३५ घन सेंटिमीटर जागा उरते. एक-दोन घोट पाण्याने ती भरते. अशा स्थितीत कोणी जोराने हँडल मारले, किंवा ट्रॅक्टरचा स्टार्टर दाबला, तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी हेडचे गॅस्केट फुटते, कधी ब्लॉकच तडकतो. पाण्याने पंधरा दिवसांत केले नाही ते एका क्षणात होते.

ह्यावरून पहिला नियम निघतो: बुडालेले इंजिन “चालते का पाहू” म्हणून कधीही फिरवू नये. दुसरा नियमही ह्यातूनच निघतो: खोलण्याची तयारी झाल्याखेरीज ते पाण्यातून काढू नये, काढले तर त्याच दिवशी काम सुरू करावे. हा दुसरा नियम ऐकणाऱ्यास विचित्र वाटतो. घरातील भिजलेली प्रत्येक वस्तू आपण प्रथम उन्हात टाकतो. धान्यास ते योग्य आहे, इंजिनास नाही.

कामाचा क्रम

इंजिन काढण्यापूर्वी मिस्त्री, पाने, दहा-पंधरा लिटर डिझेल, वंगणाचे तेल, फिल्टर, गॅस्केट व रुंद तोंडाची दोन भांडी जवळ असावीत. नुकसानीचा पंचनामा व्हावयाचा असल्यास इंजिनाचे चारही बाजूंनी व क्रमांकाच्या पट्टीचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. ट्रॅक्टरचा विमा असेल तर विमा कंपनीस प्रथम कळवावे.

विहिरीत उतरण्यापूर्वी एक इशारा दिलाच पाहिजे. पुरानंतर विहिरीत कुजलेला पाला व मेलेली जनावरे असतात. तळाशी घातक वायू साचलेला असू शकतो. पेटता कंदील दोराने खाली सोडावा. तो विझल्यास कोणीही उतरू नये. मात्र कंदिलाने केवळ प्राणवायूची कमतरता कळते. इंजिनाच्या धुराचा विषारी वायू त्याने कळत नाही. म्हणून विहिरीच्या आत, टप्प्यावर ठेवून डिझेल इंजिन चालविणे कायमचे वर्ज्य समजावे. बेशुद्ध पडलेल्यास काढावयास दुसरा व त्याच्यामागे तिसरा उतरतो आणि सर्वच प्राणास मुकतात, अशा घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. आधी दोर, मग माणूस, हा क्रम मोडू नये.

इंजिन बाहेर आल्यावर ते सपाट जागी ठेवून स्वच्छ पाण्याच्या धारेने बाहेरचा सर्व गाळ धुवावा. गाळ लागलेला असताना एकही नट ढिला करू नये, कारण तो आत जातो. नंतर एअर क्लीनर व सायलेन्सर उतरावेत आणि नोझल काढून घ्यावे. नोझलच्या भोकामुळे सिलिंडरमधील पाण्यास वाट मिळते व पिस्टन पाण्यावर आदळण्याचा धोका टळतो. त्यानंतर खालचा बूच काढून तेल सोडावे. पाणी तेलाहून जड असल्याने प्रथम पाणी, मग दुधाळ तेल व शेवटी शुद्ध तेल येते. ह्या क्रमाने येणाऱ्या द्रवाचे निरीक्षण करावे. पाणी पुष्कळ व गाळ थोडा असेल तर आशा चांगली. चिखलच चिखल येत असेल तर क्रँककेसचे झाकण काढून आतून धुणे अपरिहार्य आहे.

आता नोझलच्या भोकातून निम्मे डिझेल व निम्मे वंगणाचे तेल असे मिश्रण सिलिंडरमध्ये घालावे, तास-दोन तास मुरू द्यावे आणि फ्लायव्हील हाताने, अगदी सावकाश, पाव फेरा पुढे व पाव फेरा मागे असे हलवून पाहावे. चाक मोकळे फिरू लागले की सिलिंडरमधील पाणी व तेल भोकावाटे उडते. तेव्हा तोंड व डोळे त्या रेषेत ठेवू नयेत. क्रँककेसचे झाकण उघडून मोठ्या बेअरिंगच्या टोप्या काढाव्यात, क्रँकची तेलाची भोके तारेने व डिझेलने साफ करावीत आणि सर्व भागांस तेल लावून पुन्हा बसवावे. पाण्याच्या जॅकेटमध्ये पाणी सोडून ते दुसऱ्या बाजूने स्वच्छ बाहेर येईपर्यंत धुवावे. हा भाग पुष्कळ जण विसरतात, आणि नीट सुरू झालेले इंजिन महिन्याभरात तापून जाम होते. तो दोष मग पुरावर न जाता मिस्त्रीवर जातो.

डिझेलची टाकी, नळ्या व फिल्टर पूर्ण रिकामे करून धुवावेत; फिल्टर नवा घालावा. डिझेल पंप मात्र शेतात उघडू नये. त्यातील प्लंजर व त्याचे घर ह्यांतील फट मिलिमीटरच्या काही हजारांश इतकी सूक्ष्म असते. तेथे चिंधीचा एक धागा किंवा बोटाचा चिखलसुद्धा चालत नाही. पंप व नोझल डिझेलमध्ये बुडवून, झाकून, चाचणीचे यंत्र असलेल्या दुकानी न्यावेत. नोझलची फवार तपासताना हात कधीही पुढे धरू नये, कारण ती धार कातडीत शिरते.

पहिल्यांदा सुरू करताना पट्टा किंवा पंप जोडू नये. साधे, स्वस्त पण स्वच्छ तेल घालून दहा-पंधरा मिनिटे भाराविना चालवावे, तेल सोडून पाहावे, दुधाळ दिसल्यास पुन्हा तेल बदलावे. दोन-तीन बदलांनंतर तेलाचा रंग स्थिर राहतो. त्यानंतर योग्य प्रतीचे तेल घालून थोड्या भाराने दहा तास चालवावे व पुन्हा एकदा तेल बदलावे. सिलिंडरमध्ये किंवा एअर क्लीनरमध्ये तेल जास्त राहिल्यास इंजिन त्याच तेलावर बेफाम धावू शकते, आणि अशा वेळी डिझेल बंद करून ते थांबत नाही. म्हणून सुरू करतेवेळी हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी लाकडी फळी एका माणसाच्या हाती तयार असावी. हवा बंद झाली की इंजिन थांबते. कापड किंवा हात वापरू नये.

काढलेले जुने तेल ओढ्यात, विहिरीत किंवा बांधावर ओतू नये. पूर ओसरल्यावर जे पाणी आपण व आपली जनावरे पिणार आहेत, तेच ते पाणी आहे.

जाम झालेले इंजिन

बरेच दिवस पाण्यात राहून नंतर बाहेर पडून राहिलेल्या इंजिनाचे चाक बहुधा हलत नाही. अशा वेळी गावात तीन उपाय केले जातात: हातोडा, आग आणि ट्रॅक्टरचा पट्टा. तिन्ही चुकीचे आहेत. हातोड्याने पिस्टन फुटतो, आगीने बीड तडकते आणि ट्रॅक्टरच्या ओढीने रिंगा मोडून लायनरवर ओरखडे उठतात. गंजास जोर नको असतो, वेळ हवा असतो. डिझेल-तेलाचे किंवा रॉकेल-तेलाचे मिश्रण सिलिंडरमध्ये भरून चार दिवस, प्रसंगी आठ-दहा दिवस, तसेच ठेवावे. रोज थोडे नवे मिश्रण घालून चाकास दोन्ही दिशांनी हलका ताण द्यावा. एका दिवशी ते सुताभर हलते. तेथून पुढे काम सोपे होते. न हलल्यास हेड उतरावे, पिस्टनच्या वर दिसणारा गंज बारीक पॉलिश कागदाने तेल लावून काढावा, कनेक्टिंग रॉडची टोपी सोडावी आणि पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकावे.

नंतर निर्णयाची वेळ येते. लायनरवर केवळ डाग असतील तर ते घासून निघतात; नखास लागतील असे खड्डे असतील तर लायनर व पिस्टन बदलावा. क्रँकच्या बेअरिंगच्या जागी खड्डे पडले असतील तर तो घासून कमी मापाचे बेअरिंग घालता येते. ब्लॉकच तडकला असेल, किंवा क्रँक खोल खाल्ला गेला असेल, तर मात्र मोह सोडावा. ते इंजिन सुटे भाग काढून घेण्यासच योग्य. सर्वच इंजिने वाचवावीत असा आमचा आग्रह नाही. परंतु “भंगार” हा निर्णय हेड उघडून आत पाहिल्यावर व्हावा, बाहेरच्या चिखलाकडे पाहून होऊ नये.

येथे जुन्या, जड व मंद गतीच्या इंजिनांविषयी एक शब्द सांगणे आवश्यक आहे. १९२९ साली इंग्लंडात निघालेल्या लिस्टर जातीच्या धर्तीवरील, मिनिटास ६५० फेरे घेणारी इंजिने राजकोटच्या कारखान्यांतून व १९४६ साली पुण्यात खडकी येथे स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने आपल्या विहिरींवर दोन-दोन पिढ्या चालली आहेत. त्यांत भाग थोडे, जाड व खेड्यात दुरुस्त होण्याजोगे आहेत. जो तरुण त्यांस अडगळ समजतो त्याने हे ध्यानात घ्यावे की, पुरातून सर्वांत लवकर उठणारे यंत्र तेच आहे. उलट १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या धूरनियमांनुसार बनलेले ५० अश्वशक्तीवरील नवे ट्रॅक्टर विजेच्या सूक्ष्म नियंत्रणावर चालतात. ते बुडाल्यास बॅटरीची तार काढून थेट अधिकृत दुरुस्ती केंद्रास कळवावे, गावात उघडू नयेत. कोणत्याही बुडालेल्या ट्रॅक्टरात इंजिनाखेरीज गिअरपेटी, मागचा आस व हायड्रॉलिक ह्यांचे तेलही तपासून बदलले पाहिजे. विजेच्या मोटारीस तर पूर्ण वाळवून, मेगरने इन्शुलेशन एक मेगोहमच्या वर असल्याची खात्री करूनच वीज जोडावी.

गावाने काय करावे?

एकट्या शेतकऱ्यास वरील सर्व करणे कठीण आहे. पुरानंतर मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर त्याच्याकडे पंधरा इंजिने आधीच पडलेली असतात, आणि डिझेल-तेलास पैसे नसतात. म्हणून ग्रामपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांस आमची सूचना अशी की, पूर ओसरल्याच्या पहिल्याच आठवड्यात बुडालेल्या यंत्रांची एक साधी यादी करावी: कोणाचे, कोणत्या जातीचे, किती दिवस पाण्यात, अजून पाण्यात आहे की बाहेर, चाक फिरविले आहे की नाही. ज्यांची इंजिने बाहेर पडून आहेत, त्यांचा क्रम प्रथम लावावा. जी अजून पाण्यात आहेत ती थांबू शकतात. जेथे मिस्त्रीस येण्यास चार-सहा दिवस लागणार असतील, तेथे इंजिन धुऊन त्याचा सिलिंडर व क्रँककेस डिझेल व जुन्या तेलाच्या मिश्रणाने काठोकाठ भरून ठेवावा. एवढ्यानेही पुष्कळ इंजिने वाचतील.

दुसरे असे की, दुरुस्तीची शिबिरे भरवावीत. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांस ह्याहून उत्तम प्रात्यक्षिक मिळणार नाही. सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र आपल्या जवळ आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. गावच्या अवजारे बँकेने एक जादा इंजिन, नोझलची काही जोडपी, गॅस्केट व शंभर लिटर तेल संकटासाठी बाजूस ठेवले तर त्याचा खर्च पहिल्याच पुरात वसूल होईल. गावातील एका चौकात एका जाणत्या मिस्त्रीने एक इंजिन सर्वांसमक्ष उघडून दाखविले, तर पन्नास घरांना जे कळते ते दहा परिपत्रकांनी कळत नाही.

तिसरी गोष्ट पंचनाम्याची. पंचनामा होईपर्यंत इंजिनास हात लावावयाचा नाही, अशी समजूत पुष्कळ गावांत आहे, आणि त्या प्रतीक्षेत वाचणारे इंजिन गंजून जाते. छायाचित्र, क्रमांक व दोन साक्षीदार एवढ्यावर काम सुरू करण्यास हरकत नाही, असे गावकऱ्यांस स्पष्ट शब्दांत, शक्य तर चावडीवर लिहून, सांगण्यात यावे. नुकसानीची नोंद व नुकसान थांबविणे ह्यांत विरोध असता कामा नये.

आणि चौथी, जी पूर येण्यापूर्वीच करावयाची आहे. लेंडी, मांजरा व गोदावरी ह्यांच्या काठची इंजिने पावसाळ्याच्या तोंडावर चाकाच्या गाड्यावर किंवा दोन माणसांस उचलता येतील अशा सांगाड्यावर बसवावीत. पुराचा इशारा मिळताच जी हलविता येतील ती हलवावीत. जी हलत नाहीत, त्यांचे एअर क्लीनर व सायलेन्सर काढून ती तोंडे तेल लावलेल्या लाकडी बुचाने व प्लास्टिकने घट्ट बांधावीत, आणि बूच घातल्याची खूण म्हणून हँडलास लाल चिंधी बांधावी, म्हणजे पुढे कोणी ते तसेच सुरू करणार नाही. दहा मिनिटांचे हे काम दहा दिवसांची मेहनत वाचविते.

शेतकरी बंधुभगिनींनो, पुराने जे नेले ते परत आणणे कोणाच्याही हाती नाही. परंतु जे मागे ठेवले आहे, ते चिखलाखाली असले तरी आपले आहे. त्यास फिरवून पाहण्याची घाई करू नका आणि उघडून धुण्यास उशीर करू नका. विहीर भरलेली आहे, जमिनीत ओल आहे, हरभऱ्याचे बी घरात आहे. त्या तिन्हींस जोडणारे इंजिन भंगाराच्या टेंपोत चढण्यापूर्वी एकदा त्याचे हेड उघडून पाहा.